त्या घराची उंची

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, आठव्या आणि नवव्या ॲव्हेन्यूच्या दरम्यान, पश्चिम २९व्या रस्त्याच्या उत्तर बाजूला बारा घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत. क्रमांक ३३३ ते ३५५, सगळे विषम. सायरस मेसन आणि विल्यम टॉरी या दोघांनी १८४६-४७च्या सुमारास ही रांग उभारली, तेव्हा या तुकड्याला लामार्टिन प्लेस म्हणत. आज तिथून जाणारा माणूस मान वर करून बघेल असे त्यात काही नाही. कुठे दर्शनी भाग बदलला आहे, कुठे गिलावा चढवला आहे. या रांगेतल्या ३३९ क्रमांकाच्या घरावर, म्हणजे त्या वेळच्या १९, लामार्टिन प्लेसवर, एक मजला चढवायचा की नाही, यावरून या शहरात कित्येक वर्षे भांडण चालले. महानगराचा इमारत विभाग, स्मारक जतन आयोग, अपील मंडळ आणि न्यायालये यांच्यात ही फाइल फिरत राहिली.

एका मजल्यावरून एवढे भांडण कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण तो मजला ज्या जागेवर चढवला, तीच जागा त्या घराचे सगळ्यात मोठे ऐतिहासिक वैशिष्ट्य आहे. या घराचा इतिहास दिवाणखान्यात नाही, दारावरच्या नक्षीत नाही. तो छपरावर आहे.

हे घर ॲबिगेल हॉपर गिबन्स आणि त्यांचे पती जेम्स स्लोन गिबन्स यांचे होते. ते त्यांनी बांधले नाही. बांधलेले घर १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतले. ॲबिगेल या आयझॅक टी. हॉपर यांच्या कन्या. फिलाडेल्फियात आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये पळून आलेल्या गुलामांना लपवणे, त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहणे, यात हॉपर यांनी हयात घालवली. दोन्ही कुटुंबे क्वेकर, म्हणजे साधी राहणी आणि अहिंसा मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची. गुलामगिरीच्या विरोधात क्वेकर पंथ सर्वांत आधी उभा राहिला हे आपण वाचलेले असते आणि ते खरेही आहे. १६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये लेखी निषेध झाला, १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला मनाई केली. पण १८४१ साली न्यूयॉर्कच्या क्वेकर सभेने आयझॅक हॉपर आणि जेम्स गिबन्स या दोघांना बाहेर काढले, हे कमी लोकांना ठाऊक असते. गुलामगिरीविरोधी साप्ताहिक ‘नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड’शी त्यांचा संबंध होता आणि त्यात एका क्वेकर उपदेशकावर टीका छापून आली, हे कारण. पुढच्या वर्षी ॲबिगेल यांनी स्वतःचे आणि आपल्या लहान मुलांचे सभासदत्व सोडले. पंथ एका जागी थांबला आणि माणसे पुढे गेली. म्हणून या घराला नुसते ‘क्वेकर घर’ म्हणणे अपुरे आहे.

या घरात पळून आलेले गुलाम आश्रय घेत, याला पुरावा काय? जोसेफ चोट हे या कुटुंबाचे तरुण वकील मित्र. पुढे ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. त्यांनी लिहून ठेवले आहे की हे घर ‘अंडरग्राउंड रेलरोड’चे, म्हणजे पळालेल्या गुलामांना घरोघरी लपवत उत्तरेला पोचवणाऱ्या गुप्त साखळीचे, एक ठाणे होते, आणि आपण तिथे गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या पंक्तीला जेवलो तेव्हा स्वातंत्र्याच्या वाटेवर निघालेला एक कृष्णवर्णीय माणूसही त्याच टेबलावर होता. या कामात लेखी साक्ष दुर्मीळ असते. १८५०च्या फरारी गुलाम कायद्याने अशा माणसाला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ सालीच संपली होती, तरी दक्षिणेतून आलेला माणूस या शहरात सुरक्षित नव्हता. अशा वेळी कोण कागद ठेवणार?

उत्तर आणि दक्षिण यांच्यातले यादवी युद्ध चालू असताना, १८६३च्या १ जानेवारीला, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. मार्चमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला, आणि त्यात ३०० डॉलर भरून भरती चुकवायची सोय होती. मजुराला वर्षभराच्या मजुरीतूनही एवढी रक्कम बाजूला काढणे अवघड. १३ जुलैला, सोमवारी, न्यूयॉर्क पेटले. राग कायद्यावर होता, पण तो निघाला कृष्णवर्णीयांवर आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांवर. पहिल्याच दिवशी फिफ्थ ॲव्हेन्यूवरचे कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळले गेले. तेही क्वेकर स्त्रियांनीच १८३६ साली सुरू केले होते. आतली दोनशेहून अधिक मुले मागच्या बाजूने बाहेर काढली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, जमाव लामार्टिन प्लेसवर आला. गुलामगिरीविरोधी दैनिक ‘ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांचे या घरी येणे-जाणे होते, आणि जेम्स गिबन्स यांनी लिंकनच्या सैन्यभरतीच्या हाकेला ओ देणारी कविता १८६२ साली लिहिली होती. ती घरोघरी पोचली होती. घर ओळखायला कोणाला अडचण पडली नाही. ॲबिगेल आणि थोरली मुलगी सेरा त्या वेळी मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउटच्या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होत्या. घरी लूसी आणि ज्युलिया या मुली होत्या. जमावाने दार फोडले, सामान आणि पुस्तके लुटली, आग लावली. मुली त्याआधीच काही दारे सोडून राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेल्या होत्या. तिथून चोट यांनी त्यांना वर नेले आणि एका छपरावरून दुसऱ्यावर असे करत रांगेतल्या पुढच्या एका घरातून खाली उतरवून कोपऱ्यापलीकडे उभ्या केलेल्या घोडागाडीत बसवले.

घरे एकमेकांना जोडलेली होती, छपरे जवळपास सपाट होती, आणि एका छपरावरून दुसऱ्यावर पाऊल टाकताना मध्ये भिंत नव्हती. या तीन गोष्टींमुळे त्या दोघी वाचल्या. तिन्ही बांधकामाच्या गोष्टी आहेत. म्हणून छपराची उंची इथे पुरावा आहे, आणि म्हणूनच वरच्या मजल्याबद्दल ‘रस्त्यावरून दिसतो कुठे?’ असे विचारणे चुकीचे आहे. दिसण्याचा प्रश्नच इथे नाही. रांगेतल्या एका घरावर नऊ-दहा फूट उंच खोल्या चढवल्या की त्या दिवशीची वाट तिथे बुजली.

भांडणाचा क्रम थोडक्यात असा. २००५च्या सुमारास इमारत विभागाने वाढीव मजल्याला परवाना दिला. शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कागद तपासले गेले, आराखडे नियमांत बसत नाहीत असे ठरले आणि २००९ साली परवाना मागे घेतला गेला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला स्मारक जतन आयोगाने बाराही घरांची रांग ऐतिहासिक परिसर म्हणून जाहीर केली. मालकाचे म्हणणे, माझे काम जाहीरनाम्याच्या आधीचे, त्याला आयोगाची परवानगी कशाला? हा वाद अपील मंडळाकडे आणि तिथून न्यायालयात गेला. २०१५ साली अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली: आयोगाच्या परवानगीशिवाय हा मजला राहू शकत नाही. निकाल लागला तरी मजला लगेच उतरला नाही.

मालकाच्या बाजूचा युक्तिवाद फेटाळण्याआधी नीट ऐकला पाहिजे. सरकारी खात्याने शिक्का मारून दिलेल्या परवान्यावर विसंबून माणूस पैसा ओततो. मग तेच सरकार म्हणते, चूक झाली. न्यूयॉर्कच्या कायद्यात याला उत्तर आहे आणि ते मला योग्य वाटते: वैध परवान्यावर भरीव काम झाले असेल तर मालकाचा हक्क तयार होतो; परवाना मुळातच नियमाविरुद्ध दिलेला असेल तर होत नाही. खात्याच्या चुकीने बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. मात्र ती चूक शोधायला चार वर्षे लागावीत, हे मालकावरही अन्यायाचे आहे आणि घरावरही. पहिल्या महिन्यात चूक सापडली असती तर प्रश्न कागद बदलण्याचा होता. चार वर्षांनी तो तुळया आणि भिंती उतरवण्याचा होतो.

दुसरा युक्तिवाद घरटंचाईचा. मॅनहॅटनमध्ये राहायला जागा मिळत नाही, आणि तुम्ही छपरे कसली वाचवता? या युक्तिवादाला उत्तर त्याच रस्त्यावर, समोरच उभे आहे. २९व्या रस्त्याची दक्षिण बाजू आणि तिच्या खालच्या २३व्या रस्त्यापर्यंतच्या जागा रिकाम्या करून १९६२ साली तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने तिथे ‘पेन साउथ’ ही सहकारी वसाहत उभी केली: दहा इमारती, २,८२० घरे, कष्टकऱ्यांना परवडतील अशी. घरटंचाईवर इलाज तिथे झाला, ठरवून आणि मोठ्या प्रमाणावर. तो करताना जुन्या घरांच्या ओळीच्या ओळी गेल्या. उरली ती समोरची बारा घरे. त्यांच्यापैकी एकावर चढवलेल्या मजल्याने शहराच्या घरटंचाईत काहीही फरक पडत नाही. वाढते ते एका मिळकतीचे भाडे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जड आहे. हे घर इतके बदलले आहे की जतन करायला उरले काय? याचे उत्तर द्यायला अशा घराच्या पोटात शिरावे लागते.

न्यूयॉर्कचा नेहमीचा भूखंड २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल. १८४०च्या दशकातली रांगेतली घरे त्यावर, किंवा त्याहून अरुंद तुकड्यांवर, विटांत बांधली जात. दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत, ८ ते १२ इंच जाड. दोन्ही घरांच्या लाकडी तुळया याच भिंतीत खोबण्या करून टेकवलेल्या असतात. तुळई साधारण ३ इंच रुंद आणि ८ ते १० इंच खोल, दोन तुळयांमध्ये सुमारे १६ इंच अंतर. भिंत आठच इंची असेल तर तुमच्या तुळईचे टोक आणि शेजाऱ्याच्या तुळईचे टोक यांच्यामध्ये जेमतेम एक वीट उरते. तुळईच्या टोकाला तिरका छाट दिलेला असतो: आगीत तुळई मधून जळून खाली आली तर तिचे टोक भिंतीला पहारीसारखे उचकटत नाही, अलगद निसटते. विटा मऊ, चुन्यात रचलेल्या. वर जवळजवळ सपाट छप्पर, कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे, मागच्या बाजूला किंचित उताराचे. त्याला एक चौकोनी झडप आणि खाली शिडी.

या हाडांच्या सापळ्यात नवा मजला घातला की काय होते? आठ इंची विटेच्या भिंतीचे वजन दर चौरस फुटाला सुमारे ८० पौंड. नऊ फूट उंचीची भिंत वाढवली की सामाईक भिंतीच्या प्रत्येक धावत्या फुटावर ७२० पौंड, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या आसपास, जादा भार. घर ४० फूट खोल असेल तर एका बाजूला तेरा टन. पोकळ ठोकळे किंवा लाकडी सांगाडा वापरला तर भार कमी होतो, पण शून्य होत नाही. त्यावर जमिनीचा, माणसांचा आणि बर्फाचा भार वेगळाच. भिंत सामाईक असल्यामुळे हा भार शेजाऱ्याच्या पायावरही जातो, आणि शेजाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. एका घराचे छप्पर शेजारच्यापेक्षा दहा फूट उंच झाले की वाऱ्याने उडालेला बर्फ त्या उभ्या भिंतीशी साठतो आणि खालच्या छपरावर ढीग होतो. मूळ तुळया एकसारख्या पसरलेल्या बर्फाच्या हिशेबाने घातलेल्या असतात, अशा ढिगाच्या नाही. दुसरी गोष्ट धुराडी. शेजारचे धुराडे आता नव्या भिंतीच्या खाली राहते, वारा उलटा फिरतो आणि धूर घरात येतो. म्हणून न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे उंच होणाऱ्याने शेजाऱ्याचे धुराडे स्वखर्चाने वाढवायचे असते. म्हणजे रांगेतला एक मजला हा कधीच एका घराचा मामला नसतो. १८६३ साली ही घरे एकमेकांना धरून होती म्हणून माणसे वाचली. आज त्यातले एक घर बदलले की बाकीची घरे त्याचा ताण सोसतात. कारण एकच आहे, ती सामाईक भिंत.

दर्शनी भागाचे दुखणे वेगळे. विटेवर सिमेंटचा गिलावा चढवला की घर नवे दिसते, पण चुन्यातली भिंत दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, श्वास घेत असते. आत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, थंडीत ते गोठते, फुगते, आणि विटेचा पापुद्रा गिलाव्यासकट सुटतो. त्याहून वाईट म्हणजे तुळयांची टोके त्या ओलीत कुजतात. गिलावा काढायला जावे तर त्याची पकड विटेच्या भाजलेल्या कातडीहून घट्ट असते. म्हणून आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यात दोन-तीन चौरस फुटांवर छिन्नीने प्रयोग करून बघायचा. वीट सोलली जात असेल तर तिथेच थांबायचे आणि गिलावा चुन्याच्या गिलाव्याने टप्प्याटप्प्याने बदलायचा. दरजा भरताना जुना गारा, म्हणजे विटा जोडणारे चुना-वाळूचे मिश्रण, दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल काढायचा, म्हणजे पाऊण ते एक इंच, आणि हाताने. कटरचे चाक लावले की विटांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. नवा गारा एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, पाव-पाव इंचाच्या थरांत दाबून भरायचा, हवा ५ अंशांहून थंड किंवा ३५ अंशांहून गरम नसताना. सिमेंटचा कडक गारा भरला की घर हलताना दरज हलत नाही आणि वीट फुटते. दरज फुटली तर पुन्हा भरता येते, १८४७ची वीट कुठून आणणार?

तर, उरले काय? सामाईक भिंती उरल्या, मजल्यांच्या पातळ्या उरल्या, रांगेतली जागा उरली. छपराची पातळी परत मिळवता येते, कारण वरचा मजला हा भर आहे, मोडतोड नव्हे. जळालेली वस्तू परत आणता येत नाही; वर ठेवलेली उतरवता येते. बदल झाला आहे म्हणून आणखी बदल करू द्या, हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे.

उतरवायचे कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘आता काढायला गेलो तर घर पडेल’ असे म्हणून असे मजले कायम होतात. आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या घरांची आतून-बाहेरून छायाचित्रे आणि भेगांची नोंद. भेगांवर मोजपट्ट्या बसवायच्या आणि काम सुरू होण्याआधी निदान काही आठवडे वाचन घ्यायचे, म्हणजे ऋतूप्रमाणे होणारी हालचाल आणि कामामुळे होणारी हालचाल वेगळी ओळखता येते. मग खालच्या मजल्याच्या तुळयांना टेकू. बाहेर परांची आणि वर ताडपत्रीचे तात्पुरते छप्पर, नाहीतर एका पावसात खालचे चार मजले भिजतात. उतरवणी वरून खाली आणि हाताने: आधी छप्पर, मग आतल्या भिंती, मग बाहेरच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, म्हणजे सामाईक भिंतीवर एकाच अंगाने ताण येत नाही. राडारोडा छपरावर साठवायचा नाही. रोज खाली न्यायचा. इथे सर्वांत जास्त अपघात होतात, कारण विटांचा एक घनफूट ढीगही शंभर पौंडांच्या घरात जातो. शेवटी जुन्या पातळीला नव्या तुळया, फळ्या, पत्रा आणि कठड्याच्या कडेचे पाणीबंद काम. नोंद केलेल्या मोजपट्ट्या नंतरही वर्षभर वाचायच्या. हे काम महाग आहे, पण अवघड नाही.

आता मोठा प्रश्न. असली घरे कायद्याला दिसतच का नाहीत? न्यूयॉर्कचा स्मारक कायदा १९६५चा. त्यामागे १९६३ साली सुरू झालेली पेनसिल्व्हेनिया स्टेशनची पाडापाडी होती. ते स्टेशन याच घरांपासून चालत पाच मिनिटांवर. गुलाबी ग्रॅनाइटचे खांब कोसळताना शहराने पाहिले आणि कायदा केला. त्यामुळे कायद्याचा स्वभाव देखण्या वास्तूंचा झाला. इमारत ३० वर्षांहून जुनी असली की ती पात्र ठरते, आणि इतिहासमूल्य हाही निकष त्यात आहे. पण परवान्यासाठी अर्ज आला की बहुतेक चर्चा होते ती खिडक्यांच्या आकाराची, गिलाव्याच्या रंगाची, रस्त्यावरून काय दिसते याची. घराची आतली बाजू तर जनतेला खुली असल्याशिवाय संरक्षित करताच येत नाही. पळून आलेल्या माणसाला लपवणाऱ्याने घर मुद्दामच साधे, मागच्या दाराचे, कोणाच्या नजरेत न भरणारे ठेवले. त्याला ‘दिसते काय’ हा निकष लावला तर ते घर नापास होणारच.

इथे काही ठोस बदल हवेत. ज्या जागेची निवड घटनेमुळे झाली, तिच्या जाहीरनाम्यातच घटना वाहणारे भाग नावानिशी लिहिले जावेत. या घराच्या बाबतीत ते असे असते: छपराची पातळी, शेजारच्या छपरांशी तिचे नाते, छपरावरची झडप. मग अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला रस्त्यावर उभे राहून मान वर करावी लागणार नाही. दुसरे, आयोगाने एखादी जागा विचारार्थ घेतली की इमारत विभागाने नव्या परवान्यांची खबर आयोगाला द्यायची आणि ४० दिवस थांबायचे, अशी तरतूद आहे. पण आधीच दिलेल्या परवान्यांना ती तितकीच कडक लागत नाही. विचारार्थ घेतल्याच्या दिवशीच त्या पत्त्यावरचे सगळे चालू परवाने पुन्हा तपासले गेले पाहिजेत, दोन आठवड्यांत, आणि तोपर्यंत काम बंद. तिसरे, निकाल विरुद्ध गेल्यावर उतरवणीची तारीख निकालातच असावी, आणि ती चुकली तर शहराने काम करून खर्च मालमत्ता करात वसूल करावा. दंडाची पावती भरून मजल्याचे भाडे खात राहणे परवडते, तोवर कायदा हरतच राहणार.

आणि उलट बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. शहर एखाद्या खासगी घराला इतिहासाचा भार देते तेव्हा तो भार एकट्या मालकाने का वाहावा? चुन्याच्या दरजा, पत्र्याचे छप्पर, जुन्या खिडक्या यांचा खर्च नव्या मालापेक्षा जास्त येतो. आयोगाचे अनुदान आहे, पण ते छोटे. शेवटी काही घरे शहराने विकत घ्यायची असतात. ब्रुकलिनमधले २२७, डफिल्ड स्ट्रीट हे थॉमस आणि हॅरिएट ट्रूसडेल या गुलामगिरीविरोधी जोडप्याचे घर. २००४च्या पुनर्विकास आराखड्यात ते पाडायच्या यादीत होते. शहराच्याच सल्लागारांनी २००७ साली निर्वाळा दिला की पळालेल्या गुलामांना तिथे आसरा मिळाल्याचा निर्णायक पुरावा नाही. लोकांनी सोडले नाही. २०२१ साली ते स्मारक झाले आणि शहराने ३२ लाख डॉलरला विकत घेतले. मधली १७ वर्षे ते घर कधीही पडू शकत होते.

पुराव्याच्या या मुद्द्यावर मात्र जतन करणाऱ्यांनीही शिस्त पाळली पाहिजे. अमेरिकेत जुन्या घरात एखादे तळघर सापडले की लोक भुयाराची गोष्ट सांगू लागतात. भुयार बहुधा कोळशाची कोठी असते. खरा आसरा मागच्या खोलीतल्या साध्या पलंगावर मिळत असे आणि त्याच्या खुणा भिंतीत राहत नाहीत. त्या कागदात शोधाव्या लागतात: खरेदीखते, जनगणनेची पाने, वर्षावर्षाच्या पत्तापुस्तिका, पत्रे. न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड’चे संपादक सिडनी हॉवर्ड गे यांनी १८५५-५६ मध्ये आपल्याकडून पुढे गेलेल्या दोनशेहून अधिक माणसांची नोंदवही ठेवली, ती आज कोलंबिया विद्यापीठात आहे. तिच्यात कोणी कुठून आले आणि कुणाकडे पाठवले हे आहे. असा कागद नसताना ‘नक्की’ म्हणू नये. आणि कागद असला तरी पत्ता तपासावा, कारण या शहरात रस्त्यांची नावे आणि घरांचे क्रमांक बदलले आहेत. १९, लामार्टिन प्लेस आणि ३३९, पश्चिम २९वा रस्ता हे एकच घर आहे, हे जुन्या नकाशांवरून जुळवल्याशिवाय कळत नाही. क्रमांक जुळवताना एका घराची चूक झाली तर फलक भलत्याच दारावर लागतो, आणि ज्यांना घर पाडायचे असते त्यांच्या हातात तेवढी एक चूक पुरते.

महाराष्ट्राला या प्रश्नाशी काय देणे-घेणे, असे कोणी विचारले तर उत्तर १८७३ सालच्या एका पानावर आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. दंगलीला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. फुल्यांना गिबन्स कुटुंब ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण पुण्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने ज्यांच्याकडे पाहून उदाहरण घ्या असे आपल्या देशबांधवांना सांगितले, त्यात लामार्टिन प्लेसवरची माणसे नक्की होती.

आणि आपल्याकडे त्याच फुल्यांनी जिथे १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचे काय झाले? गणपतीला येणारी लाखो माणसे त्याच्या समोरून जात. खाली दुकाने, वरचे मजले पडायला आलेले. भाडेकरू, मालक आणि महापालिका यांच्यातला दावा वर्षानुवर्षे चालला; नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला आणि डिसेंबरमध्ये एका रात्रीत वाडा पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक होणार, ही गोष्ट चांगलीच आहे आणि त्यासाठी लढलेल्यांचे कष्ट मोठे आहेत. पण ज्या जिन्याने त्या मुली वर चढल्या तो जिना, ती खोली, ती माळवदाची उंची आता कुठल्याही वास्तुविशारदाला मोजता येणार नाही. दावा चालू असताना निदान वाड्याचे मोजमाप, लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक, पाया आणि जोते जागेवर राखणे, एवढे व्हायला हवे होते. न्यूयॉर्कमध्ये कायद्याने उशीर केला आणि घरावर मजला चढला. पुण्यात उशीर झाला आणि वाडाच उरला नाही. दोन्हीकडे इतिहास सगळ्यांना मान्य होता. वेळेवर काम करणारे टेबल नव्हते.

म्हणून पश्चिम २९व्या रस्त्यावरच्या रांगेत ३३९चे छप्पर १८६३च्या पातळीला हवे. रस्त्यावरून त्यातले काहीही दिसणार नाही आणि दिसायची गरजही नाही. दोन्ही बाजूंना कठड्याच्या जागी उंच भिंत नको, पाणी अडवण्यापुरता काठ पुरे. नवा पत्रा घालताना जुन्या जागी झडप ठेवावी, किल्ली न लागता आतून उघडणारी, शिडीवरून एका हाताने वर ढकलता येईल एवढी हलकी, आणि ती उघडून वर आलेल्या माणसाला पुढच्या छपरावर पाऊल टाकता यावे.